हर्णैची खानावळ आणि तिथला बदल्यांचा फळा

हर्णै बंदराकडून मुरुडच्या दिशेने निघाले की समुद्राच्या अंगाला एक कौलारू घर लागते. त्याच्या पुढच्या पडवीत आणि ओटीवर मिळून सात टेबले मांडलेली आहेत. या खानावळीचे नाव मी इथे देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. स्वयंपाकघरात दोनच माणसे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्या एकदम आल्या, की बंदरावरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ताटकळावे लागते. मला त्यांचे म्हणणे पटले. तरीही या जागेविषयी लिहायला हवे असे वाटते, कारण फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून पाहावी, शर्यतीच्या आधी-नंतर ड्रायव्हरांच्या संभाव्य बदल्यांवर मनापासून वाद घालावा आणि समोर गरम भाकरी असावी, अशी दुसरी जागा दापोली तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही. २०२५ च्या हंगामात मी इथे अकरा रविवार घालवले.

आधी जेवणाविषयी. दाराशी एक काळा फळा टांगलेला असतो आणि त्यावर त्या दिवशीचे मासे तीन ओळींत लिहिलेले असतात. पहिल्या ओळीत ताजे, दुसरीत बर्फातले, तिसरीत सुके. सुरमई कालची असेल तर ती दुसऱ्या ओळीतच जाते, आणि विचारले तर काका कोणत्या बोटीची तेही सांगतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत पहिली ओळ बहुतेक दिवस कोरी असते. एखाद्या दिवशी खाडीतली कोळंबी किंवा कालवे आली तर तेवढीच लिहिली जातात. त्या दिवसांत मी इथे सोड्यांचे कालवण, बोंबलाची चटणी आणि कुळथाचे पिठले खाल्ले आहे, आणि समुद्र बंद असताना ताज्या पापलेटचे आश्वासन देणाऱ्या ठिकाणांपेक्षा ते जेवण मला कितीतरी अधिक समाधान देऊन गेले. भाकरी तांदळाची, पातळ आणि तव्यावरून थेट ताटात येणारी. सोलकढी घरच्या आगळाची असते. नारळाचे दूध पहिल्या पिळ्याचे असल्याने ती घशाला लागत नाही, आणि पेला रिकामा झाला की तळाशी ठेचलेल्या लसणाचे दोन-चार कण उरतात, त्यावरून ती आत्ताच केली आहे हे कळते.

शर्यतीचा पडदा ओटीच्या आतल्या भिंतीवर आहे. मालक, ज्यांना सगळेच काका म्हणतात, तीस वर्षे जहाजावर इंजिनखोलीत होते. त्यांना शर्यतीचे वेड इंजिनांपासून लागले, ड्रायव्हरांपासून नव्हे. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात आणि ही वेळ खानावळीला सोयीची पडते. शर्यत संपेपर्यंत साडेआठ होतात आणि मग पाने वाढली जातात. जपानची शर्यत सकाळी साडेदहाला असते. तेव्हा आंबोळ्या आणि चहा मिळतो, मासे नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माशांच्या फळ्याच्या मागच्या बाजूला दुसरा फळा आहे आणि शर्यतीच्या दिवशी साडेपाचनंतर काका तो उलटा करून पडद्याशेजारी टांगतात. त्याला इथे ‘बदल्यांचा फळा’ म्हणतात. नाव जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींनी दिले. बदल्यांच्या यादीची वाट पाहण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. या फळ्यावरही तीनच ओळी असतात: अधिकृत, बोलणी आणि ऐकीव. संघाने किंवा ड्रायव्हरने स्वतः जाहीर केले तरच नाव पहिल्या ओळीत जाते. दोन्ही पक्षांपैकी एकाने तरी बोलणी चालू असल्याचे मान्य केले असेल तर दुसऱ्या ओळीत. बाकी सगळे, मग ते कितीही मोठ्या वार्ताहराने छापलेले असो, तिसऱ्या ओळीत, आणि शेजारी ते कुणी म्हटले हे लिहिणे बंधनकारक. खडू उचलायचा अधिकार कुणालाही आहे, पण या नियमाला अपवाद नाही. जी खानावळ कालच्या सुरमईला ताजी म्हणत नाही ती ऐकीव बातमीला पक्की म्हणत नाही, आणि माझ्या मते या जागेचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

हा फळा सुरू झाला २०२४ च्या फेब्रुवारीत. मर्सिडीज संघाचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन २०२५ पासून फेरारी संघासाठी गाडी चालवणार, हे १ फेब्रुवारीला जाहीर झाले. मर्सिडीजशी त्याचा २०२५ पर्यंतचा करार अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाला होता. त्यामुळे तोवर ज्यांनी ही बातमी कानावर घातली होती त्यांना इथे कुणी दाद दिली नव्हती. करारात एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा होती आणि त्याने ती वापरली. काकांनी मला सांगितले की त्या रात्रीनंतर त्यांनी ठरवले, की ऐकलेले पुसून टाकायचे नाही आणि खरेही मानायचे नाही, ते आपल्या जागी लिहून ठेवायचे. त्या एका बदलीमुळे फेरारीचा तेव्हाचा ड्रायव्हर कार्लोस साइन्झ बेघर झाला. मार्चमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी त्याने मेलबर्नची शर्यत जिंकली, तरी त्याचे नाव ऐकीवच्या ओळीत कधी एका संघापुढे, कधी दुसऱ्या संघापुढे फिरत राहिले, आणि २९ जुलैला विल्यम्सने जाहीर केल्यावरच ते वरच्या ओळीत चढले.

फळ्याची एक उणीव त्याच वर्षी उघडी पडली आणि ती सुधारली गेली, म्हणून तीही सांगतो. सुरुवातीला अधिकृत ओळीत नावापुढे कराराचे शेवटचे वर्ष लिहिले जाई आणि सगळे त्याला खुंटा मानत. ड्रायव्हर सर्जिओ पेरेझचा रेड बुल संघाशी करार जून २०२४ मध्ये २०२६ पर्यंत वाढवण्यात आला आणि तसे लिहिले गेले. डिसेंबरमध्ये तो संघाबाहेर होता. त्याच्या जागी आलेल्या लिअम लॉसनला २०२५ मध्ये दोन शर्यतींनंतर हलवून युकी त्सुनोदाला बसवण्यात आले, आणि हे नाव पुसून ते लिहिताना फळ्याचा तो भाग पांढुरका पडून गेला. तेव्हापासून कराराचे वर्ष पिवळ्या खडूने लिहितात. पिवळ्याचा अर्थ कागदावर तसे आहे, एवढाच. नव्या माणसाला हे कुणीतरी समजावून सांगावे लागते. फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्दांची खूण लिहिली तर बरे होईल.

या फळ्याची किंमत मला खऱ्या अर्थाने कळली ती २७ जुलै २०२५ च्या संध्याकाळी. बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँची शर्यत होती. तिकडे पावसामुळे ती सुमारे एक तास वीस मिनिटे थांबवून ठेवली होती आणि इकडे हर्णैला दुपारपासून धार लागलेली. पन्हळीचे पाणी पडवीच्या कडेने पडद्यासारखे कोसळत होते. त्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर पडदा चालू राहिला, पण इंटरनेट अधूनमधून तुटत होते, आणि लोक हळूहळू पडदा सोडून फळ्यापाशी जमले. रेड बुलने संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांना ९ जुलैला पदावरून दूर केले होते आणि नवे प्रमुख लॉरां मेकिस यांच्या हाताखालची संघाची ही पहिली शर्यत होती. ऐकीवच्या ओळीत सर्वांत मोठे नाव होते रेड बुलच्याच मॅक्स व्हरस्टॅपेनचे, आणि बाणापुढे मर्सिडीज. त्याचा करार २०२८ पर्यंतचा. मात्र गुणतक्त्यात ठरावीक स्थानाखाली घसरला तर त्याला मोकळे होता येईल असे कलम त्यात असल्याचे जगभर छापून येत होते. २०२६ पासून इंजिनांचे नियम बदलणार, रेड बुल प्रथमच स्वतःचे इंजिन घेऊन उतरणार आणि मर्सिडीजचे इंजिन सरस ठरेल असा बोलबाला, त्यामुळे या कुजबुजीत अगदीच अर्थ नव्हता असे नाही.

शर्यत उशिरा का होईना पार पडली. व्हरस्टॅपेन चौथा आला, मर्सिडीजचा जॉर्ज रसेल पाचवा. गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्याच्या तळाशी वजाबाकी मांडली. गुणतक्त्यात तिसरा व्हरस्टॅपेन १८५, चौथा रसेल १५७, फरक २८. पुढच्या रविवारी हंगेरीत छोटी स्प्रिंट शर्यत नाही, सर्वांत वेगवान फेरीचा जादा गुण २०२५ पासून रद्द झालेला, म्हणजे एका शर्यतीत जास्तीत जास्त २५ गुण. तेव्हा उन्हाळी सुट्टीपर्यंत तो तिसऱ्या स्थानावरून खाली येऊच शकत नाही. कलम पहिल्या तिघांचे असेल तर ते लागू होणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ‘असेल तर’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. चार दिवसांनी, ३१ जुलैला, व्हरस्टॅपेनने २०२६ मध्ये आपण रेड बुलमध्येच राहणार असल्याचे हंगेरीत सांगितले. त्याच दिवशी मासेमारीबंदीही संपत होती. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ते नाव वरच्या ओळीत होते आणि वजाबाकी तशीच ठेवलेली होती.

२७ जुलैच्या त्या रात्री वीज येण्याची वाट पाहत असताना शेजारच्या टेबलावरच्या एका तांडेलांनी, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखांनी, मला एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे हंगामापूर्वी खलाशांना उचल देण्याची रीत आहे. मालक पैसे देतो, खलाशी ते पावसाळ्यात घरी खर्च करतो आणि बोटी निघाल्या की कामावर रुजू होतो. “एखाद्याने दोन मालकांची उचल घेतली, तर आमच्यात मंडळी बसवून निवाडा करतात, सर. तुमच्या या गाड्यांच्या धंद्यात कोण बसतं?” मी त्यांना अल्पीन संघाचा तेव्हाचा राखीव ड्रायव्हर ऑस्कर पियास्ट्री याची हकीकत सांगितली. २०२२ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला फर्नांडो अलोन्सो अल्पीन सोडून ॲस्टन मार्टिनकडे जाणार हे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी अल्पीनने रिकाम्या जागी पियास्ट्रीचे नाव घोषित केले, आणि त्याच संध्याकाळी पियास्ट्रीने आपण असा कोणताही करार केलेला नाही असे जगाला कळवले. त्याने ४ जुलैलाच मॅक्लारेनच्या करारावर सही केली होती. असे तंटे सोडवण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये वकिलांचे एक करार-मान्यता मंडळ आहे. १९९१ मध्ये मायकेल शूमाखर पदार्पणाच्या शर्यतीत जॉर्डनच्या गाडीत आणि लगेच पुढच्या शर्यतीत बेनेटनच्या गाडीत दिसला, त्या वादातून त्याची गरज पुढे आली. पियास्ट्रीच्या प्रकरणात मंडळाने २ सप्टेंबर २०२२ ला निकाल दिला, की मॅक्लारेनचा करार तेवढा वैध. तांडेलांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे उचल एकाचीच होती. दुसऱ्याने नुसतं गृहीत धरलं?” इतक्या थोडक्या शब्दांत हे प्रकरण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाही. अशी माणसे शेजारी बसतात, हे या खानावळीत जाण्याचे मला स्वतःला वाटणारे सर्वांत मोठे कारण आहे.

काही गोष्टी खटकतात, त्याही सांगायला हव्यात. शर्यत चालू असताना समालोचनाचा आवाज इतका मोठा ठेवतात की पडवीतल्या बाकड्यांवरही बोलणे कठीण होते. लहान मुले घेऊन आलेल्या दोन कुटुंबांना मी त्यामुळे जेवण अर्धवट सोडून उठताना पाहिले आहे. शर्यत संपल्यावर सगळी पाने एकदम लागतात आणि तळलेल्या तुकडीसाठी पाऊण तास थांबावे लागते, तेव्हा भुकेलेल्या माणसाने आधीच अळूवडी मागवून ठेवावी. हात धुण्याची जागा मागच्या अंगणात आहे आणि पावसात तिथवर जाणारी फरशी निसरडी होते. आधाराला एखादा कठडा हवा. फळ्याविषयी माझी तक्रार एकच: नोंदींपुढे तारीख नसते. २०२५ च्या ऑगस्टअखेर कॅडिलॅक या नव्या संघाने पेरेझ आणि वाल्टेरी बोट्टास यांची नावे जाहीर केली तेव्हा आधीच्या ऐकीव नोंदी कधीच्या होत्या आणि कोणत्या बातमीदाराचे खरे ठरले, हे तपासायची सोय राहिली नाही. ज्या फळ्यावर सांगणाऱ्याचे नाव लिहितात त्यावर सांगितल्याची तारीख का नसावी, हे मी काकांना विचारले. फळा लहान पडतो, असे ते म्हणाले. मोठा फळा करण्याविषयी सुताराशी बोलणे झाले आहे. तो अजून बोलणीच्याच ओळीत आहे.

दराचे म्हणाल तर २०२५ मध्ये बांगड्याचे ताट मला २२० रुपयांना पडले, सुरमईचे ३८० ला, आणि शर्यत पाहण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. शर्यतीच्या दिवशी सहाच्या आत पोहोचावे, कारण नंतर फळ्यासमोरची तीन टेबले मिळत नाहीत. दापोलीकडे जाणारी शेवटची एसटी शर्यत संपायच्या आधी निघून जाते, म्हणून परतीचे वाहन ठरवूनच यावे. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला मी शेवटचा गेलो तेव्हा ड्रायव्हर इसाक हाजारचे नाव रेड बुलपुढे, २०२६ साठी, नुकतेच वरच्या ओळीत लिहिले गेले होते, आणि त्याच्या शेजारी काकांनी पिवळा खडू अजून टेकवला नव्हता.