टॅबलेट की लॅपटॉप: मांद्रेतल्या दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्चमध्ये घेतलेला टॅबलेट ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडला, तेव्हा पुण्याहून आलेली एका दिवाळी अंकाची ११२ पानांची मुद्रिते त्याच्यात होती आणि ती परत पाठवायला चारच दिवस उरले होते. पडदा, बॅटरी, पेन सारे ठणठणीत होते. बिघडला होता तो केवळ चार्जिंगचा पोर्ट, पण बिनतारी चार्जिंगची सोय नसलेल्या टॅबलेटला पोर्ट गेल्यावर दुसरा मार्गच राहत नाही. टॅबलेट घ्यावा की लॅपटॉप, या विचारात असलेल्यांनी पडद्याची लांबी, रॅम वगैरे एव्हाना पाहिलेच असेल. मी प्रामुख्याने या एका पोर्टविषयी लिहिणार आहे, कारण खरेदी करताना त्याचा विचार मी क्षणभरही केला नव्हता.

मी गोव्यातल्या मांद्रे गावी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. पसंत पडलेला लॅपटॉप ४६,००० रुपयांना होता, तर पेन आणि कळफलकासह टॅबलेट ३८,५०० रुपयांना मिळत होता. माझा निर्णय या साडेसात हजारांनी केला, हे मान्य करायला हवे. पहिले तीन महिने तो निर्णय अगदी योग्य वाटला. पीडीएफचे पान उभे धरले की ते छापील पानासारखेच समोर येते आणि कागदावर आयुष्यभर केलेल्या खुणा पेनाने तशाच करता येतात. जूनमध्ये पावसाबरोबर वीज जाऊ लागली, तरी आठ-नऊ तास काम अडत नसे.

गैरसोयी दोन होत्या. पडद्यावरच्या कळफलकात इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळांची मांडणी मिळते, परंतु बाहेरून जोडलेल्या कळफलकावर ती माझ्या टॅबलेटने दिली नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ दाबली की ‘दुसऱ्या’मधला अर्धा र लिहिण्यासाठीचा ऱ मिळतो, याची बोटांना सवय झालेल्या माणसाला रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे कष्टाचे जाते. दुसरी गैरसोय अधिक गंभीर आहे. मराठी मुद्रणव्यवसायात पेजमेकर हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर अजून वापरात आहे, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची आहे. त्यातला मजकूर बहुधा युनिकोड ही सर्वत्र सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांत असतो. तो फॉन्ट नसेल तर ओळीच्या ओळी अर्थहीन रोमन अक्षरांत दिसतात. अशा मूळ फाइलवर काम करायचे असेल, तर विंडोजचा लॅपटॉपच घ्यावा.

आता पोर्टविषयी. टाइप-सी पोर्टमध्ये २४ संपर्कबिंदू असतात, ते दोन ओळींत, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने. आमचे घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ आषाढात बरणीतल्या बरणीत पाणी सोडते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात आमच्याकडची हवा दिवसचे दिवस त्याहून दमट असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर पोर्टमध्ये गेलेले मिठाचे कणही असेच ओले होतात. त्यात चार्जर जोडलेला असला, तर त्या ओलाव्यातून वीज वाहते आणि संपर्कबिंदूंचा धातू झपाट्याने झिजतो. म्हणजे टॅबलेटवर पाण्याचा एक थेंब न सांडताही पोर्ट मरू शकतो.

पणजीच्या अधिकृत सेवा केंद्रात मला हेच समजावून सांगावे लागले, आणि तिथे ते कोणी ऐकून घेतले नाही. मांद्रेहून म्हापसा आणि तिथून दुसऱ्या बसने पणजी, असे तीन हेलपाटे झाले. त्यांतला एक चवथीच्या सुट्टीमुळे वाया गेला. आतली ओलावा दाखवणारी पट्टी लाल झाली आहे, म्हणजे पाणी गेले आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही, आणि पूर्ण मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलण्याचे १७,९०० रुपये होतील, असे मला सांगण्यात आले. मी नकार जॉबशीटवर, म्हणजे केंद्राच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, लेखी मागितला. तो मिळायला पाऊण तास लागला, पण पुढे त्याचाच उपयोग झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर बाराव्या दिवशी कंपनीने दुरुस्तीत पंचवीस टक्के सवलत देऊ केली. न केलेल्या चुकीचे पंचाहत्तर टक्के मी का भरावेत, हे मला पटले नाही आणि मी ती नाकारली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे माहीत असूनही मी तिथे गेले नाही, कारण हाती दिवाळी अंकाचे काम होते.

ते काम मी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर पुरे केले. एकोणीस दिवस तो वापरला आणि पहिल्या आठवड्यात माझे मत पूर्ण बदलले. मराठी लिहिणे सुखाचे झाले, जुन्या फॉन्टच्या फाइल उघडल्या, आणि चार्जिंगची गोल पिन वेगळी, यूएसबीची तीन तोंडे वेगळी असल्यामुळे एक बिघडले तरी बाकीची चालतील असा धीर आला. टॅबलेट विकून लॅपटॉप घ्यावा, असे मी घरी बोलूनही दाखवले होते. पुढच्या आठवड्यात वीज तीनदा गेली आणि त्या जुन्या बॅटरीने प्रत्येक वेळी अर्ध्या तासातच साथ सोडली.

दरम्यान म्हापशाच्या एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी टॅबलेट उघडला. पोर्ट मदरबोर्डवर नव्हताच, तो एका वेगळ्या छोट्या बोर्डावर होता. भिंगाखाली त्यांनी मला त्यावरचे हिरवे कीट दाखवले. नवा बोर्ड आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. शेजारीच किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहाचा लॅपटॉप उघडून ठेवलेला होता. त्याच्या पंख्याने बाहेरची खारी हवा सतत आत ओढून मदरबोर्डावर ठिकठिकाणी तसेच कीट चढले होते, आणि त्याची दुरुस्ती त्यांनी अंगावर घेतली नव्हती. टॅबलेटला पंखा नाही. मी ज्याला दोष म्हणत होते ते एकमेव तोंड राखणे माझ्या हातात आहे, पण पंख्याच्या वाटेने आत येणारी हवा थांबवता येत नाही, हे मला तिथे प्रथम कळले.

म्हणून टॅबलेट विकला नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याला वाचनासाठी आणि पीडीएफवरील कामासाठी मी आज टॅबलेटच सुचवीन, मात्र पोर्टचा बोर्ड वेगळा आहे की मदरबोर्डाचाच भाग आहे, हे आधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारून घ्यावे. दुकानात हे सांगता येत नाही; मी तीन ठिकाणी विचारून पाहिले. जुन्या फॉन्टची कामे मी अजूनही भावाकडे जाऊन करते आणि त्यासाठी लॅपटॉपवर पैसे घालण्याइतकी ती येत नाहीत.

आता पोर्टला रबरी टोपी असते, चार्जिंग पुरे होताच केबल काढते, आणि रात्री टॅबलेट सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जातो. मार्चमध्ये वॉरंटी संपेल. येत्या पावसाळ्यासाठी तसलाच आणखी एक छोटा बोर्ड म्हापशाहून ९०० रुपयांना आणून त्याच डब्यात ठेवला आहे.