कॅम्पर भाड्यानं घेऊन कोकण, शेरूसकट

दारव्ह्याहून कोकण म्हणजे आख्खा महाराष्ट्र आडवा पार करा लागते, म्हणून कॅम्पर (आत झोपाची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) पुण्यातूनच भाड्यानं घेतला. कुत्र्याले हो म्हणणारे कमीच, पण या कॅम्परवाल्यायनं आमच्या शेरूले आनंदानं घेतलं, शेगडी, पाण्याची टाकी सगळं चालू होतं. दाभोळहून फेरीबोटीत गाडी चढवली, वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याले उतरलो अन् पुढं गुहागरचा लांबच लांब किनारा, शेरू तं पिसाळल्यासारखा पळत सुटला! पंखा मात्र एकच आहे, तेवढं यायनं सुधरवाच. तिकडचा दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हासारखा नाही, उभी गाडी आत लय तापते, कुत्र्याले एकटं ठेवूच नका. किनाऱ्यावरून आल्यावर पंजेही गोड्या पाण्यानं धुवा, खारी वाळू बोटांत बसते. पावसाळा सरला का पुन्हा हाच बुक करणार.