फोंड्याच्या पावसात व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर ईएल८४ व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घरी आणला. चॅनलमागे जेमतेम ५ वॉट. जुना ५० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प विकायला काढला होता; आईने थांबवलं, ते बरं झालं.

रात्री केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरची मुद्रणं लावली की व्हॉल्व्हसमोरून उठवत नाही. गाण्यातला ‘आ’कार भरीव लागतो, तानेतला दाणा न् दाणा सुटा कळतो. अशा अ‍ॅम्पमधून आवाजात मिसळणारी विकृती (डिस्टॉर्शन) मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराची असते. म्हणून ती कानाला खुपत नाही.

पण चतुर्थीत घरच्या आरतीचं मुद्रण लावलं आणि घुमटाची, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्याची, थाप पसरट झाली. तेच जुन्या अ‍ॅम्पवर लावलं, तर थाप पडली आणि जागीच थांबली! ट्रान्झिस्टरचा आउटपुट इम्पिडन्स (स्पीकरकडच्या बाजूचा अंतर्गत विद्युत अडथळा) कमी, त्यामुळे स्पीकरच्या कोनवर ताबा घट्ट. घुमट, पखवाज, ढोल ऐकणाऱ्याने हे आधी ऐकून पाहावं.

माझी मोठी चूक स्पीकरची. माझे स्पीकर ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे; हा आकडा जितका मोठा, तितका त्याच वॉटला आवाज मोठा. तार षड्जाला आवाज चिरका व्हायचा. दोष मी व्हॉल्व्हला देत राहिलो. मित्राकडून ९३ डेसिबलचे आणले आणि चिरकणं संपलं. ७ डेसिबलचा फरक म्हणजे पाचपट वॉट मिळाल्यासारखं. म्हणून अ‍ॅम्प निवडण्याआधी स्पीकरचा आकडा बघा. तो ८६-८७ असेल, तर ट्रान्झिस्टरच घ्या, पैसे वाचतील.

जूनमध्ये डाव्या बाजूला कुरकुर सुरू झाली. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिले. कुरकुर डावीकडेच राहिली. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, दोष सॉकेटचा. टॉर्च मारली तर आतल्या पकडी काळवंडलेल्या. दमटपणाचं काम. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्यावर आवाज स्वच्छ झाला. हे करताना प्लग काढून बराच वेळ थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरलेला असतो. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प तर कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता सकाळच्या बातम्या, भजनं, मुलांची गाणी, सगळं ट्रान्झिस्टरवर. व्हॉल्व्ह फक्त रात्रीच्या गाण्याला, तोही स्टॅबिलायझर लावून. पाऊस लागल्यापासून मात्र गाणं असो वा नसो, त्याला रोज तासभर तापवतो. तेव्हापासून कुरकुर परतलेली नाही.