९७, ऑर्चर्ड स्ट्रीट : न्यूयॉर्कच्या टेनेमेंट म्युझियममधील एक फेरी

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील टेनेमेंट म्युझियम (टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या खोल्यांची चाळवजा इमारत) पाहायला जाताना काचेच्या कपाटांची अपेक्षा ठेवू नये. लुकास ग्लॉकनर या जर्मन शिंप्याने १८६३ साली बांधलेली आणि १९३५ पर्यंत सुमारे सात हजार माणसांना भाड्याने आसरा देणारी ही इमारत हेच येथील प्रदर्शन आहे. खोल्यांमध्ये मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, आणि हे बंधन मला योग्य वाटले. सांगणारे कोणी नसेल तर त्या खोल्यांचे मोल सहज ध्यानात येणार नाही.

मी येथे राहिलेल्या मूर या आयरिश कुटुंबाची कहाणी सांगणारी फेरी घेतली. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दगावली, त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि दुष्काळ सरल्यावरही ती वाट वाहतीच राहिली. या कुटुंबातली ब्रिजेट त्याच वाटेने १८६३ साली, सतराव्या वर्षी, न्यूयॉर्कला आली. ती का आली, हे इतक्यात सांगून होते. येथे तिच्या लोकांचे स्वागत कसे झाले, हे सांगायला मात्र सारी फेरी लागते. नोकरीच्या जाहिरातींतून 'आयरिश माणसांनी अर्ज करू नये' असे छापले जाई, आणि १८५०च्या दशकात तर नागरिकत्वासाठी २१ वर्षांची अट घालावी, अशी मागणी करणारा, परदेशातून आलेल्यांच्या विरोधातला 'नो नथिंग' पक्ष जोरात होता.

मूर कुटुंबाच्या बिऱ्हाडात पाऊल टाकले आणि मी गप्पच झाले. जेमतेम ३२५ चौरस फुटांत तीन खोल्या, त्यांतली मधली आणि आतली अंधारी. पाणी मागच्या अंगणातून जिने चढून आणायचे आणि शौचालयेही तेथेच. पुढच्या खोलीत एक लहानशी शवपेटी ठेवलेली आहे. ब्रिजेटची पाच महिन्यांची ॲग्नेस १८६९ साली कुपोषणाने गेली. त्या काळी शहरात दारूच्या भट्टीतील चोथ्यावर पोसलेल्या गाईंचे, खडूने पांढरे केलेले दूध विकले जाई, हे कळल्यावर त्या पेटीकडे पुन्हा पाहवत नाही. शेजारी बहुतेक जर्मन होते. परक्या देशात आपल्या बोलीचे माणूस जवळ नसताना तान्हे मूल गमावलेल्या बाईची ती खोली मी विसरू शकत नाही.

याच इमारतीत नॅटली गुम्पर्ट्झ ही जर्मन ज्यू बाई राहत होती. १८७३च्या आर्थिक मंदीनंतर, १८७४ साली तिचा नवरा घराबाहेर पडला तो परतलाच नाही. तिने शिवणकाम करून चार मुलांना सांभाळले. तिची कहाणी वेगळ्या फेरीची आहे.

जिने अरुंद आहेत आणि बराच वेळ उभे राहावे लागते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. एकाच फेरीपुरता वेळ असेल, तर मूर कुटुंबाची निवडावी.