गोळी चालते, पण रविवारची कंबर? सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल: वापरानंतरचा अनुभव

लिंगाच्या ताठरतेच्या त्रासावर या दोन गोळ्या काय करतात ते इथे सांगत नाही. गोळी काम करते, शुगर असूनही माझ्यावर केली. मी लिहायला बसलोय ते ऑर्थोपेडिकची फी, एक्स-रे, कंबरेचा पट्टा आणि साडेअकरा हजारांची गादी या सगळ्यांची बिलं समोर ठेवून. हा खर्च एका वाक्याने वाचला असता आणि ते वाक्य मला कोणीही सांगितलं नाही: टॅडालाफिलने कंबर दुखू शकते.

माझं वय ५२. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन. घर ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, नोकरी रबाळे एमआयडीसीत. स्कूटरने ठाणे स्टेशन आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकल. हे सांगतोय कारण कंबरेचा आळ आधी या प्रवासावरच आला.

सुरुवात सिल्डेनाफिलने झाली. फॅमिली डॉक्टरांनी ५० मिलिग्रॅम लिहून दिली होती. घराजवळच्या मेडिकलवाल्याने १०० ची पट्टी पुढे केली. म्हणे, "पन्नास संपलीय, हीच घ्या, पॉवर जास्त आहे." शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाचा डोस काउंटरवर परस्पर दुप्पट करायचा? बिल मागितलं तर तेही द्यायला तयार नाही. चांगलाच वाद झाला. शेवटी जांभळी नाक्यावरून ५० ची आणली. या एका गोष्टीवर मी अडून बसतो, कारण या औषधांचे बहुतेक साइड इफेक्ट डोसबरोबर वाढतात. गोळी पीडीई-५ नावाचं एन्झाइम अडवते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. त्या फक्त हव्या त्या जागी सैल पडत नाहीत. नाकातल्या पडल्या की नाक चोंदतं, डोक्यातल्या पडल्या की डोकं ठणकतं, चेहरा तापतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायूही ढिला होतो, मग छातीत जळजळ. सिल्डेनाफिल डोळ्याच्या पडद्यातल्या पीडीई-६ लाही थोडं अडवते, म्हणून काहींना काही तास सगळं निळसर दिसतं. १०० च्या डोसवर हे जास्त होतं.

मला ५० वर नाक आणि डोकं हे दोन त्रास होते. डोकेदुखी निम्म्यावर आली ती दोन गोष्टींनी. त्या संध्याकाळी दारूचा थेंब नाही आणि पाणी नीट प्यायचं. तिसरी गोष्ट जेवणाची. मटणासारखं तेलकट, जड जेवण झालं की सिल्डेनाफिल साधारण तासभर उशिरा चढते आणि कमी चढते. इथेच लोक घोटाळा करतात. "लागू पडली नाही" म्हणून दुसरी गोळी घेतात आणि मग दोन्हींचा त्रास एकदम भोगतात. २४ तासांत एकच, हा नियम आहे. भाजी-भाकरी खाऊन दोनेक तासांनी घेतली तर ५० पुरते. डॉक्टरांनी २५ करूनही पाहिलं. डोकं शांत राहिलं, पण परिणामही कमी झाला.

म्हणून टॅडालाफिल २०. पहिल्या दिवसापासून मी खूश. जेवणाचं बंधन नाही, डोकं नाही, निळसर काही नाही. सिल्डेनाफिल चार तासांत निम्मी उतरते, तर हिला त्यासाठी साडेसतरा तास लागतात. परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो, त्यामुळे घड्याळ बघायचं दडपण गेलं. माझ्यासारख्याला या दडपणाचाच निम्मा त्रास असतो.

मग कंबर सुरू झाली. ठणका नाही, चमक नाही. दोन्ही बाजूंना खोल, जड दुखणं, कंबरेच्या खालून कुल्ल्यांत आणि मांड्यांच्या मागे उतरणारं. सोसायटीत, ऑफिसात, घरात सगळ्यांचं एकच निदान: घोडबंदरचे खड्डे. मलाही पटलं, त्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या कोणालाही पटेल. ऑर्थोपेडिकने शुगर-बीपी विचारलं, आणखी कुठली गोळी चालू आहे का हे विचारलंच नाही. एक्स-रे स्वच्छ. तरी पट्टा, कडक गादी आणि "रविवारी पूर्ण आराम करा". मी आराम करायला आडवा पडलो की दुखणं वाढायचं, उठून फिरलो की कमी. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, गादीची सवय व्हायला वेळ लागतो.

उलगडा बायकोने केला. "अहो, खड्डे सोमवार ते शनिवार, मग कंबर रविवारीच कशी दुखते? आणि गेल्या रविवारी तर काहीच दुखलं नाही." गेल्या शनिवारी गोळी घेतली नव्हती.

पाचपाखाडीच्या यूरोलॉजिस्टकडे गेलो. तरुण माणूस. माझं पूर्ण ऐकून म्हणाला, "काका, ही गोळीचीच कंबर आहे." टॅडालाफिलचं हे दुखणं गोळीनंतर साधारण १२ ते २४ तासांत येतं आणि बहुतेकदा ४८ तासांत आपोआप जातं. दोन्ही बाजूंना असतं, कुल्ले-मांड्यांत जातं आणि झोपल्यावर वाढतं. माझा रविवार त्याने न बघता सांगितला. औषधाच्या अधिकृत माहितीत हे सगळं छापलेलं आहे. मला मिळाली ती कापलेली पट्टी, तिच्यासोबत पत्रक कुठून येणार?

त्याने सांगितलेला उपाय स्वस्त निघाला. गरम पाण्याचा शेक, थोडं चालणं, फारच झालं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकसारखं पेनकिलर मनाने घ्यायचं नाही, कारण शुगर आणि टेल्मिसार्टन असताना किडनीवर ताण येतो.

इथपर्यंतचा मजकूर मी आधी लिहून ठेवला होता आणि टॅडालाफिलला पाचपैकी दोन तारे देणार होतो. आता मत बदललंय. डॉक्टरांनी २० बंद करून रोज ५ मिलिग्रॅमवर आणलं. रोज ठरावीक वेळी घेतली की साधारण ५ दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते, एकदम उसळत नाही. सुरुवातीला कंबर किंचित जाणवली, मग थांबली. रात्री लघवीला उठणंही कमी झालं. प्रोस्टेटच्या त्रासासाठी याच ५ च्या डोसला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेली आहे. रोजचा खर्च वाढला खरा, पण ऑर्थोपेडिकच्या बिलापुढे तो काहीच नाही. जेनेरिक घेतो. चार तारे.

पाचवा तारा कापला त्याचं कारण कंबरेपेक्षा फार मोठं आहे. माझे वडील हृदयाचे पेशंट, घरात सॉर्बिट्रेट कायम असते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ही गोळी नायट्रेट आहे. नायट्रेट आणि ही औषधं एकत्र आली तर बीपी धाडकन कोसळतं, जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट चालत नाही. म्हणजे रोज ५ घेणाऱ्या माणसाला कधीच नाही. निकोरँडिल या हृदयाच्या गोळीलाही हेच लागू. बायकोला आणि मुलाला समोर बसवून सांगितलं: मला छातीत दुखलं तर बाबांच्या डबीला हात लावायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि येणाऱ्या डॉक्टरला आधी माझ्या गोळीचं नाव सांगायचं. मुलासमोर बोलताना जड गेलं. तरी बोललो, आणि पाकिटात चिठ्ठीही ठेवलीय. जो घरच्यांपासून लपवून ही गोळी घेतो, त्याने निदान चिठ्ठी तरी ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोकलच्या डब्यात जाहिरात चिकटवलेल्या "आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" कॅप्सूलबद्दलही याच कारणाने सांगतो. अशा उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केलंय. आत काय आणि किती आहे हेच माहीत नसेल तर सॉर्बिट्रेटचा धोका टाळणार कसा?

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. पहिल्याने बीपी उतरतं, बाकीच्या दोन्हींनी गोळीची रक्तातली पातळी चढते. ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली, किंवा अचानक दिसायचं वा ऐकू यायचं कमी झालं, तर घरी वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि गोळी सुरू करण्याआधी ईसीजी, कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या. ताठरतेचा त्रास कधी कधी हृदयाच्या आजाराच्या काही वर्षं आधी दिसतो.

माझी आता उरलेली तक्रार नाकाची. पावसाळ्यात रात्री चोंदतं. पुढच्या भेटीत अडीच मिलिग्रॅमवर उतरता येईल का ते विचारणार आहे. जमलं तर भर घालतो.