बिलावर नवा स्टीअरिंग रॅक, गाडीखाली जुनाच

माझ्या बिलात खालच्या बाजूला एक ओळ होती : ‘पॉवर स्टीअरिंग ऑइल बदलले’. गाडी इलेक्ट्रिक आहे. तिचं स्टीअरिंग हलकं करण्याचं काम एक विजेची मोटर करते. तेलाची टाकी नाही, पंप नाही, नळ्या नाहीत. बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये अशीच रचना असते. जे तेल ओतायला गाडीत जागाच नाही त्याचे पैसे घेतलेले पाहून मी बाकीचं बिलही तपासायचं ठरवलं. त्यातून जे निघालं ते सविस्तर लिहितोय, कारण इथे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. चाकं ज्या सांध्यांमुळे आपल्या हाताचं ऐकतात, त्या सांध्यांचा आहे.

तक्रार साधी होती. खडबडीत रस्त्यावर पुढून डाव्या बाजूने टकटक आवाज यायचा आणि गाडी सरळ जात असताना स्टीअरिंग किंचित तिरकं धरावं लागायचं. इंजिनचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत असे आवाज लवकर ऐकू येतात, आणि ते चांगलंच आहे. बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे पुढचे सांधे आणि टायर यांच्यावर ताणही जास्त पडतो.

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवून मला चाक हलवून दाखवलं. चाक खरोखरच हलत होतं. मग स्टीअरिंग रॅकबद्दल (स्टीअरिंग फिरवलं की सरकून दोन्ही चाकं वळवणारा आडवा भाग) ऐकवलं, “साहेब, रॅक गेलाय. इलेक्ट्रिक गाडीत सुटे भाग मिळत नाहीत, पूर्ण असेंब्ली टाकावी लागते. आणि हे हाय व्होल्टेजचं काम आहे, तुम्हाला जवळ थांबता येणार नाही.”

फसवणूक घडली ती याच तीन वाक्यांत. चाक हलतंय म्हणजे रॅकच गेला, असं होत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना आत एक बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा असतो, तो बूट नावाच्या रबरी आवरणाखाली झाकलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला रॅक एंड म्हणतात. बाहेर चाकाजवळ दुसरा असतो, तो टाय रॉड एंड; या दोघांना जोडणारी सळई म्हणजे टाय रॉड. बहुतेक वेळा झिजतात ते हे सांधे, आणि कितीतरी गाड्यांसाठी ते सुटे मिळतात. काही मॉडेलमध्ये रॅक एंड वेगळा विकत नाहीत हे खरं, पण टाय रॉड एंडसाठी संपूर्ण रॅक काढायला सांगणाऱ्याकडून कारण लेखी घ्यावं. हाय व्होल्टेजची भीती तर निव्वळ तुम्हाला दूर ठेवण्यासाठी. टाय रॉड एंड बदलताना हाय व्होल्टेजच्या नारिंगी रंगाच्या केबलना हात लावायचं काही कारणच नसतं. जपायचं असतं ते वेगळ्याच ठिकाणी : बॅटरी पॅक तळाशी असल्यामुळे जॅक किंवा लिफ्टचे पाय कंपनीने नेमून दिलेल्या जागीच लागले पाहिजेत.

काम झाल्यावर आवाज थांबला, बिलावर नवा रॅक लावल्याचं लिहिलं होतं. पण पुढे डाव्या टायरची आतली कड झपाट्याने झिजायला लागली, म्हणून गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली. त्यांनी मला गाडीखाली उभं केलं आणि टॉर्चचा प्रकाश पाडून एकेक गोष्ट दाखवली. रॅकवर जुना चिखल वाळून घट्ट बसलेला, बूट रंग उडालेले, लेबलवरचं उत्पादनाचं साल गाडीच्याच सालाचं. नवा होता तो फक्त डावा टाय रॉड एंड. त्याचाही लॉक नट (सांधा जागच्या जागी घट्ट धरणारा नट) इतका सैल की बोटांनी फिरत होता, आणि नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन जुनीच सरळ करून पुन्हा वापरलेली. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, केलेलंच नव्हतं. टाय रॉडची लांबी जराशी बदलली तरी टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात तो कोन) बिघडतो आणि टायर खाल्ला जातो; टायरची झिजलेली कड हा त्याचाच परिणाम होता.

सांधे कसे पाहायचे ते त्यांनी समजावून सांगितलं आणि ते प्रत्येकाने शिकून घ्यावं असं मला वाटतं. चाक उचललेलं असताना घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवायचं. खडखडलं तर संशय टाय रॉडवर. १२ आणि ६ च्या जागी हलत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघायचा. खात्रीची चाचणी चाकं जमिनीवर असताना होते : एकाने स्टीअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवायचा. झिजलेला सांधा हाताला कटकट जाणवतो. बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तर तो सांधा फार दिवस टिकत नाही. आणि टकटक आवाज स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचाही असू शकतो, तो भाग बदलणं तुलनेने सोपं आहे.

आता मी काम देताना भागाचा नंबर बिलावर लिहून घेतो, जुना भाग परत मागतो आणि गाडी देण्याआधी रॅकचा, त्याच्या लेबलसकट, फोटो काढतो. नवी स्प्लिट पिन, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळलेले नट आणि अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद हे तिन्ही हवेतच. बऱ्याच गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टीअरिंग अँगल सेन्सरचं शून्यही स्कॅनरने जुळवावं लागतं, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोलला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, चुकीची माहिती जाते. पूर्ण मोटरवाला रॅक बदलला असेल तर बहुतेक गाड्यांत तो स्कॅनरने गाडीशी जुळवावाच लागतो. माझ्या बिलात त्या कामाचा उल्लेखच नव्हता.

फोटो घेऊन मी परत गेलो. आधी ‘लेबल जुनं चिकटवलंय’ म्हणाले, मग तेलाची ओळ ‘टायपिंगची चूक’ ठरली. शेवटी रॅकचे पैसे परत दिले. मजुरी आणि वाया गेलेल्या टायरबद्दल मात्र हात वर केले. त्यासाठी मी लेखी तक्रार दिली आहे. बिल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा सहीचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे.