टर्कीची अंडी: इनक्युबेटरमध्ये की मादीखाली?

पाच माद्या आणि एक नर एवढ्या कळपावर टर्कीची पैदास करू पाहणाऱ्यापुढे पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहतो: टोपलीत जमलेली अंडी छोट्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या यंत्रात लावायची, की खुडूक झालेल्या, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या मादीलाच त्यांच्यावर बसवायचे? आजरा तालुक्यातील आमच्या वस्तीवर मी चार हंगाम या दोन्ही वाटांनी पिल्ले काढली आहेत. खुराड्याची मापे, खाद्याचे प्रमाण, राणीखेत आणि देवीच्या लसी या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून मी येथे फक्त या एका निवडीविषयी लिहितो आहे. माझा कल कोणीकडे आहे ते पुढे दिसेलच. मात्र तो एका लहान कळपाचा अनुभव आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

ज्यांच्याकडे रुंद छातीच्या पांढऱ्या, जड टर्की आहेत त्यांच्यापुरता हा प्रश्न बहुधा आधीच सुटलेला आहे. त्या जातीच्या नरांना वजनामुळे नैसर्गिक मिलन जमत नाही, कृत्रिम रेतन करावे लागते, आणि एवढ्या अंगाची मादी अंड्यांवर बसली तर ती उबण्यापेक्षा फुटण्याचीच भीती अधिक असते. निवड खऱ्या अर्थाने उरते ती हलक्या जातींसाठी: आपल्याकडची काळी देशी टर्की, अमेरिकेच्या कृषी खात्याने मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे १९३० च्या दशकापासून घडवलेली लहान पांढरी जात, किंवा या दोहोंच्या संकरातून तामिळनाडूत तयार झालेली नंदनम टर्की-१. माझ्या माद्या काळ्या आणि कांस्य रंगाच्या सरमिसळ रक्ताच्या आहेत व अंगाने सुटसुटीत आहेत.

इनक्युबेटरची बाजू भक्कम आहे आणि ती मी हातचे राखून सांगणार नाही. टर्कीची मादी वर्षाला साधारण ६० ते १०० अंडी देते असे धरले जाते, पण ती एकदा खुडूक होऊन बसली की तिचे अंडी घालणे थांबते; उबवणीचे २८ दिवस आणि त्यापुढचे पिल्ले सांभाळण्याचे आठवडे हिशेबातून वजा होतात. रोज अंडी उचलत गेलो आणि खुडूकपणा वेळीच मोडला, तर तीच मादी काही दिवसांत पुन्हा घालू लागते. म्हणजे नुसत्या अंड्यांच्या संख्येवर निर्णय घ्यायचा असेल तर यंत्रापुढे मादीचा निभाव लागत नाही.

दुसरा फायदा तारखेचा आहे. आमची बरीचशी विक्री आंबोलीमार्गे गोव्याकडे, नाताळासाठी होते. (टर्कीला पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणतात आणि गोव्यात तेच नाव चालते. तिकडून पहिल्यांदा फोन आला आणि “दहा पेरू हवेत, जिवंत” असे ऐकू आले, तेव्हा आमच्याकडे बाग नाही असे मी मोठ्या नम्रतेने सांगितले होते.) डिसेंबरच्या मध्याला पक्षी सहा महिन्यांचा हवा असेल तर पिल्लू जूनच्या पंधरवड्यापर्यंत निघायला हवे, आणि त्यासाठी अंडी मेच्या मध्यापर्यंत उबवणीला लागायला हवीत. यंत्राला हे वेळापत्रक सांगता येते. मादी खुडूक कधी होईल हे मात्र तिच्या मनावर आहे, आणि एका वर्षी माझ्या दोन माद्यांच्या ते थेट मृग नक्षत्रात मनात आले.

यंत्राच्या किरकोळ तक्रारीही आहेत. छोट्या यंत्रांचे आपोआप फिरणारे ट्रे कोंबडीच्या अंड्याच्या मापाचे असतात. टर्कीचे अंडे साधारण ८५ ग्रॅमचे, त्यामुळे ते तिरके बसते किंवा बसतच नाही, आणि खोक्यावर लिहिलेल्या संख्येच्या जेमतेम दोनतृतीयांश अंडी मावतात. आमची वस्ती शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर आहे, त्यामुळे विजेविषयी बोलावे तेवढे थोडे. तरीही, अनेकांना वाटते तसे विजेने माझे फारसे नुकसान केलेले नाही. वळवाच्या पावसात दोन-तीन तास वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाकावी, अंडी तेवढा वेळ तग धरतात. पहिल्या वर्षी लावलेल्या २४ अंड्यांतून १९ पिल्ले निघाली, आणि नवशिक्याच्या हाताला हे यश चांगलेच म्हणायला हवे.

माझे मन फिरले ते २८ व्या दिवसानंतर.

कोंबडीचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर जमिनीवर दिसेल त्या कणाला चोच मारते, आणि त्या नादात खायला शिकते. टर्कीच्या पिल्लाला ही ओढ फार मंद असते. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर त्याचे पहिले दोन-तीन दिवस निभतात, ते टुणटुणीत दिसते, आणि आपण निर्धास्त होतो. मग बलक संपतो. माझ्या पहिल्या खेपेला चौथ्या दिवशी सकाळी तीन पिल्ले मेलेली सापडली आणि पाचव्या दिवशी आणखी चार. मी रोग समजून पाण्यात औषध घातले, तूस बदलला, बल्ब खाली-वर केला. शेवटी एका पिल्लाची गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली तर ती सपाट होती. कापून पाहिली तर आत तुसाचे दोन तुकडे, खाद्याचा कण नाही. त्याच्यापासून वीतभर अंतरावर स्टार्टरने, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्याने भरलेली थाळी होती. भरल्या ताटापुढे उपाशी मरणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देण्याच्या जागेत पाहिले.

यावरचे उपाय सर्वज्ञात आहेत आणि मी ते सगळे केले. खाद्यावर बारीक चिरलेली कोथिंबीर आणि कांद्याची पात भुरभुरली, कारण हिरव्या रंगाकडे पिल्लांचे लक्ष जाते. उकडलेले अंडे कुस्करून घातले. पाण्यात पोरांच्या रंगीत गोट्या टाकल्या, म्हणजे चमक पाहून ती चोच बुडवतात. एका पेन्सिलीच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावून तिने थाळीत टकटक करत बसलो. याचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. दुसऱ्या वर्षी मृत्यू निम्म्यावर आले. पण हे दिवसातून एकदा करण्याचे काम नव्हे. पहिला आठवडा दर तास-दीड तासाने, रात्री दोनदा उठून, प्रत्येक पिल्लाची अन्नपिशवी चाचपत आणि जी रिकामी सापडतील त्यांना वेगळे काढून चोच थाळीत टेकवत हे करावे लागते. दोन पिल्ले शिकतात, तिसरे शिकते आणि दुपारपर्यंत विसरते. आईने त्या आठवड्यात मलाच खुडूक म्हणायला सुरुवात केली, आणि कोणी विचारले की “तो बसलाय” एवढेच सांगायची. भातलावणीच्या तोंडावर घरातला एक धडधाकट माणूस पेन्सिल वाजवत बसतो, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. यंत्राची किंमत सगळे विचारतात. त्यानंतरच्या या आठवड्याची किंमत कोणी धरत नाही.

मादी हेच काम कसे करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मी वाळवी जमवण्यासाठी फुटक्या मडक्यात शेण आणि गोणपाटाचे तुकडे भरून ते बांधावर पालथे घालतो. सकाळी त्यातली वाळवी शेडमध्ये झटकली की मादी एक किडा चोचीत उचलते, खात नाही, पिल्लांसमोर टाकते, घशातल्या घशात एक बारीक आवाज काढते आणि पुन्हा उचलून पुन्हा टाकते. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक पिल्लू झडप घालते व किडा घेऊन पळते, आणि उरलेली त्याच्यामागे पळतात. तासाभरात थाळीतल्या स्टार्टरवरही त्यांची चोच वळते. मादीखाली निघालेल्या पिल्लांपैकी एकही माझ्याकडे उपाशी राहून मेलेले नाही. शिवाय पहिल्या आठवड्यातली ३५ अंशांची ऊब आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी उतरणारे तापमान हे गणितही तिच्या पंखाखाली परस्पर सुटते; बल्ब नाही, म्हणजे रात्री वीज गेल्याचा धसकाही नाही.

मादीच्या बाजूने मी एवढे बोललो म्हणून तिचे दोष झाकण्यात अर्थ नाही. तिच्याखाली बारा-पंधरा अंडीच मावतात. पाय जड असल्याने पहिल्या दोन दिवसांत एखादे पिल्लू तुडवले जाते. शेजारी दुसरी मादी खुडूक असेल तर दोघी एकाच घरट्यात घुसतात आणि अंड्यांची ओढाताण करतात. म्हणून मधे आडोसा हवाच, आणि नराला तर त्या बाजूला फिरकू देऊ नये. काही माद्या इतक्या निष्ठेने बसतात की खाण्यापिण्यालाही उठत नाहीत; अशा मादीला रोज एकदा हाताने उचलून दाण्यापाण्यापाशी ठेवावे लागते, आणि तेव्हा ती सापासारखे फुत्कारते. घरट्यासाठी मी जुन्या टायरमध्ये ओलसर वाळू आणि वर वाळलेला भाताचा पेंढा घालतो, जवळच राख-मातीचा ढीग ठेवतो, म्हणजे उठल्यावर तिला अंगावरच्या उवा-पिसवा झाडता येतात.

आजऱ्यासारख्या पावसाच्या मुलखात तिचा सर्वांत मोठा दोष वेगळाच आहे. पिल्ले निघतात जूनच्या सुरुवातीला, आणि त्याच आठवड्यात पाऊस. मोकळी सोडली तर मादी पिल्लांना घेऊन ओल्या गवतात लांब जाते. मागे पडलेले भिजून गारठते आणि ती वळून पाहत नाही. कोंबडीइतकी ती मागच्यांची काळजी करत नाही, असे माझे निरीक्षण आहे. त्यामुळे पहिले तीन आठवडे मादीसह सगळ्यांना कोरड्या शेडमध्येच ठेवावे. एका वर्षी मी दया येऊन दहाव्या दिवशी दार उघडले, आणि संध्याकाळी नऊपैकी पाच घरी आली.

गावठी कोंबडीखाली टर्कीची अंडी ठेवण्याचा तिसरा मार्ग बरेच जण सुचवतात. कोंबडी आई म्हणून उत्तम आहे, सात-आठ अंडी सहज उबवते आणि २१ दिवसांऐवजी २८ दिवस बहुधा तक्रार न करता बसते. पण कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड या रोगाचा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचे फारसे काही होत नाही, टर्कीचे मात्र यकृत आणि आतडी नासतात. एका पावसाळ्यात दोन महिन्यांच्या पिल्लांची गंधकासारखी पिवळी विष्ठा पाहिली, आणि त्यानंतर आठवड्याभरात जे झाले त्यामुळे मी हा मार्ग सोडून दिला. कोंबड्यांची जागा आणि टर्कीची जागा आता आमच्याकडे वेगळी आहे, आणि इकडची चप्पलही तिकडे जात नाही. खायला शिकवण्यासाठी ब्रूडरमध्ये एखादे कोंबडीचे पिल्लू सोडावे, हा सल्लाही मी याच कारणासाठी पाळत नाही.

तर मग कोणी काय घ्यावे? एक दिवसाची पिल्लेच विकण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांनी निःशंकपणे यंत्र घ्यावे, कारण शिकवण्याचा आठवडा गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातो. मात्र विकताना पेन्सिलीची गोष्ट त्याला सांगावी, हा साधा प्रामाणिकपणा आहे. ज्यांच्या घरी दिवसभर थांबणारे आणि या कामाची आवड असणारे माणूस आहे, त्यांनाही यंत्र परवडेल. परंतु ज्याला शेती सांभाळून वर्षाला पंचवीस-तीस पक्षी वाढवायचे आहेत, त्याने आधी चांगली बसणारी एक मादी शोधावी आणि यंत्राचे पैसे वर्षभर तरी खिशात ठेवावेत, असे मला वाटते. यंत्रातून माझ्याकडे पिल्ले जास्त निघाली, आणि महिन्याभराने मोजताना मादीमागची जास्त भरली.

माझे यंत्र मी विकलेले नाही. मादी ज्या दिवशी बसते त्याच दिवशी यंत्रातही दहा-बारा अंडी लावतो, २५ व्या दिवसापासून ती फिरवणे थांबवतो, आणि निघालेली पिल्ले अंगावर कोरडी झाली की त्याच रात्री, पूर्ण अंधारात, एकेक करून मादीच्या पंखाखाली सरकवतो. तिची स्वतःची पिल्ले निघून एक दिवसापेक्षा जास्त झाला असेल तर हे सहसा जमत नाही. टॉर्च लावू नये, बोलू नये, आणि हात तिच्या छातीच्या बाजूने न नेता मागून न्यावा. उजाडताच मोजून घ्यावे. एखादे पिल्लू पंखाबाहेर कुडकुडताना दिसले, किंवा मादी त्याला टोचताना दिसली, तर ते लगेच उचलून ब्रूडरमध्ये न्यावे, आणि त्यासाठी ब्रूडरचा बल्ब त्या रात्री लावूनच ठेवावा.